सुभेदार टरफलात पोहतो

आधीच सांगते, कुत्रं मला नको होतं. हौस आमच्या मालकाची.

लातूर जिल्हा झाला आन् गावात साहेब लोकांची रीघच लागली. सकाळी साहेब साखळीला आल्शेशन बांधून फिरायला निघायचे. आमचे हे, म्हणजे गुंडप्पा, शेंगा फोडायच्या मिलच्या दारात उभे राहून त्या कुत्र्यांकडं अशा नजरेनं बघायचे, की मला वाटायचं हे आता सवतच आणून बसवतात का काय! एक दिवस म्हणाले, "उमा, जिल्ह्याच्या गावचा व्यापारी म्हणल्यावर दारात गावठी कुत्रं बरं दिसत न्हाई."

मी म्हणलं, "जिल्हा सरकारनं केलाय, तुम्ही न्हाई. गप बसा."

बसतात होय गप? हैद्राबादला गेले आन् टोपलीत आल्शेशनचं पिल्लू घेऊन आले. येष्टीत सगळ्यांना दाखवत आले म्हणे. निजामाच्या काळात सुभेदार येणार म्हणलं की गाव रस्ते झाडायचं, म्हणून नाव ठेवलं सुभेदार. आन् पहिल्याच दिवशी सुभेदारसाहेबांनी माझ्या धुतलेल्या पातळावर कार्यक्रम उरकला.

पण काय सांगू, जीव लागला. दोन्ही पोरं शिकायला नांदेडला. घर खायला उठायचं. हे कुत्रं माझ्या मागं मागं, स्वयंपाकघरातून परसात, परसातून मिलमधी. मी ओरडायला लागले की समोर बसून कान ताठ करून शेवटपर्यंत ऐकून घ्यायचं. आमच्या घरात दुसरं कोण ऐकतंय माझं? पोटच्या पोरांइतका जीव होता माझा त्याच्यावर, आन् हे सांगायला मला लाज वाटत न्हाई.

आता संगप्पामामाचं सांगते, म्हणजे पुढचं कळंल. संगप्पामामा म्हणजे मालकाचे सख्खे मामा, देवणीचे. देवणीच्या बाजारात बैल घेणारा आधी मामाला शोधतो. मामा बैलाला पुढून चालवतात, मागून चालवतात, मागच्या पुठ्ठ्यावर थाप मारतात, आन् "घे" म्हणले तरच गिऱ्हाईक कनवटीला हात घालतं. दुसरं, मामा डाग देतात. जनावर लंगडायला लागलं की लोखंडाची सळी तांबडीलाल करून कमरेवर चरचरा ओढायची. जनावर भिऊन उभं राहतं, आन् लोक म्हणतात, गुण आला.

मालकाचे वडील लवकर लिंगैक्य झाले, म्हणजे वारले. मामानंच ह्यांना वाढवलं, मिलची पहिली मशीन त्यांनीच बसवून दिली. त्यामुळं आमच्या घरात मामाला "न्हाई" म्हणायची रीत न्हाई. पंचांगापेक्षा मामाचा शब्द मोठा.

तर मामा आले, वाकून "शरणार्थ" झालं, चहा झाला. मालकांनी मोठ्या ऐटीत सुभेदाराला पुढं केलं. मामानं त्याला अंगणात चालवलं, अगदी बैलासारखं. एकदा पुढून बघितलं, एकदा मागून. म्हणाले, "गुंडू, पुढून बैल हाय, मागून नुसतं वासरू. पुठ्ठा भरला पाहिजे ह्याचा. चार ह्याला!"

झालं! मामाचा हुकूम. सकाळी दुधात भाकर, वर साजूक तूप. दुपारी भिजवलेली डाळ. संध्याकाळी मालक गंजातल्या बाजारातून येताना खवा घेऊन यायचे, माझ्यासाठी न्हाई हो, त्याच्यासाठी! वर्षभरात सुभेदार असा फुगला की पोरंसोरं त्याला म्हैस म्हणायला लागली.

बसताना तो एका कुशीवर फतकल मारायचा. पळताना मागचे दोन्ही पाय जोडीनं उचलायचा, सशासारखा. आम्हाला त्याचं कौतुक! मालक शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचे, "बघा, बघा, कशी उडी घेतोय. साहेबाच्या कुत्र्याला येतंय का असं?" आन् बैलात जन्म घातलेले मामा म्हणायचे, "चाल शाही हाय." डोंबल शाही!

मग ते पावसानं पाठ फिरवलेलं साल आलं. नळाला पाणी न्हाई, टँकरपुढं घागरींची रांग, रांगेत रोज एक तरी झिंज्या ओढायचा तमाशा. आन् त्याच दिवसांत सुभेदाराला सकाळी उठता येईना. घरात शहाबादी फरशी. तो पुढच्या पायावर जोर द्यायचा, आन् मागचे दोन पाय फरशीवरून दोन बाजूला सटकायचे. मग पोटावर पडून माझ्याकडं बघायचा. ओरडायचा न्हाई, कण्हायचा न्हाई, नुसता बघायचा. मग मी पोटाखाली हात घालून त्याला उठवायचे.

मामा आले, बघितलं, आन् निकाल दिला. "कंबर धरलीय. डाग द्यावा लागंल. आता येळवशीच्या पूजेला आपल्या रेणापूरच्या शेतात सगळे जमतोच की. धरायला माणसं असतात. तिथंच उरकू."

मालक म्हणाले, "हाव मामा."

मामा गेले आन् मी सुटले. "हाव मामा? तुमच्या कमरेवर देऊ का डाग? परवा उसण भरली तर बाम चोळून घेतला माझ्याकडून, तेव्हा न्हाई आठवली सळी?"

मालक खाली मान घालून म्हणाले, "उमा, त्या माणसानं मला बापाच्या जागी वाढवलं. त्यांना तोंडावर न्हाई म्हणलो तर ते परत ह्या घरात पाणी पिणार न्हाईत. मला ते सोसणार न्हाई." ह्यांचे डोळे भरलेले बघून मी जरा थंडावले. मग तेच म्हणाले, "येळवशीपर्यंत तुला काय करायचं ते कर. कुत्रं आपल्या पायानं उठलं, तर मामा स्वतःच नको म्हणतील. पण न्हाई उठलं, तर तू मधी एक शब्द बोलायचा न्हाई. कबूल?"

माझ्या तोंडाला कुलूप घालायला निघालेला माणूस! पण दुसरा रस्ता न्हवता. म्हणलं, कबूल.

सरकारी जनावरांच्या दवाखान्यात नवा डॉक्टर आला होता, नरसिंग नावाचा. कोवळा पोरगा, मिशीसुद्धा नीट फुटली न्हवती. जिल्हा नवा तसा डॉक्टरबी नवा, म्हणलं बघू तरी. मी हातगाड्यावर सुभेदाराला घालून नेलं. त्यानं मागचे पाय ओढून बघितले, मणक्यावरनं शेपटीपर्यंत बोटं दाबली, पंजा उलटा करून ठेवला. सुभेदारानं पंजा लगेच सरळ केला. डॉक्टर म्हणाला, "मणका बरा दिसतोय. खुब्यात घोळ असणार. फोटो काढावा लागंल. आमच्याकडं मशीन न्हाई, माणसांच्या हाडाच्या डॉक्टरकडं जाऊ."

तिथं बाकड्यावर माणसं बसलेली, कुणाचा हात गळ्यात, कुणाचा पाय फळीत. सुभेदाराला बघून पार्वतीबाई म्हणून एक जाडजूड बाई भडकल्या. "आता कुत्र्याच्या मागं नंबर लावायचा का आम्ही?"

मी म्हणलं, "बाई, लागा तुम्ही पुढं. कुत्र्याला घाई न्हाई."

पाय फळीत घातलेला एक म्हातारा हसून म्हणाला, "जाऊ द्या हो त्यालाच. इतक्या जणांत तो एकटाच गप बसलाय." सगळे हसले, पार्वतीबाईसुद्धा. त्यांनीच मग सुभेदाराला टेबलावर चढवायला हात लावला.

फोटो उजेडात धरून नरसिंग डॉक्टरनं मला समजावलं. "खलबत्ता बघितलाय ना? खल खोल असला की बत्ता आत बसतो. ह्याचा खल जन्मापासून उथळ. मांडीचं हाड आत बसत न्हाई, घसरतं. मोठ्या जातीच्या कुत्र्यात असतं असं. त्यात वजन वाढलं की आणखी घसरतं. काय खायला घालता?"

मी तूप, डाळ, खवा सगळं सांगितलं. त्यानं कपाळाला हात लावला.

"डाग दिला तर?" मी विचारलं.

"खल खोल होईल का डागानं? जखम होईल, दुसरं काय?" तो म्हणाला. "ह्याचं वजन उतरवा. फरशीवर पोती टाका. कंबर शेका. मांडीतलं मांस बळकट झालं, तर तेच हाड जागेवर धरून ठेवील. त्याला सगळ्यात भारी उपाय म्हणजे रोज पोहवा."

"काय करा?"

"पोहवा. पाण्यात."

मी म्हणलं, "डॉक्टर, कुठल्या गावात राहून राहिलाव तुम्ही? आम्ही एका तांब्यात आंघोळ करतोत! प्यायचं पाणी टँकरनं येतंय, आन् मी कुत्र्याला पोहायला सोडू? लोक मलाच बुडवतील, तेबी कोरड्या विहिरीत!"

पोरगं लाजून लालबुंद झालं. म्हणालं, "पुस्तकात तसंच दिलंय." मग जरा विचार करून म्हणालं, "मुद्दा एवढाच, की अंगाचा भार दुसऱ्या कशानं तरी उचलला पाहिजे, सांध्याला दणका बसता कामा नये, आन् पायाला जोर करावा लागला पाहिजे."

मी तरी भावाच्या विहिरीवर जाऊन आले. तळ दिसत होता. तळात वाटीनं पाणी भरायला त्याची बायको उतरलेली. कुत्र्याचं नाव काढायची मला लाज वाटली. चहासुद्धा न घेता माघारी आले.

आले ती मिलमधी. आन् बघते तर काय, मालक पाठमोरे बसून सुभेदाराला तूप लावलेली भाकर भरवून राहिलेत! डॉक्टरनं तूप बंद केलं त्याला एक दिवस झाला न्हवता. माझं डोकंच फिरलं. "तुम्ही मामाचे नव्हं, तुम्ही त्या सळीचे भाचे!" म्हणलं, आन् भाकर हिसकून जिवाच्या आकांतानं भिरकावली.

भाकर पडली टरफलाच्या ढिगावर. शेंगा फोडल्या की टरफलं उरतात, ती वीटभट्टीवाले जाळायला नेतात. जिल्हा झाल्यापासून गावभर बांधकामं, त्यामुळं आमचं टरफल दारात टिकायचं न्हाई. पण त्या साली विटा थापायला पाणीच न्हाई, भट्ट्या बंद, आन् मिलच्या मागं टरफलाचा डोंगर झाला होता.

सुभेदार भाकरीमागं ढिगात शिरला. पोटापर्यंत रुतला. मी धावले, म्हणलं आता हे कुठं अडकून बसतंय. आन् थबकले. टरफलांनी त्याला खालून उचलून धरलं होतं. घसरायला फरशी न्हवती. मागचे पाय तो जोडीनं न्हवता टाकत. एक पाय, मग दुसरा पाय. रुतायचा, ओढायचा, पुढं सरकायचा.

"अवो!" मी किंचाळले. "पोहतंय! कुत्रं पोहतंय!"

मालकाला वाटलं मला उन्हाची भोवळ आली.

त्या दिवसापासून आमचा नेम ठरला. रोज सकाळी मी पातळ खोचून आधी ढिगात उतरायचे, मागून सुभेदार. मी कोरड्या भाकरीचा तुकडा दाखवत पुढं, तो फुसफुसत मागं. केसात टरफल, कानात टरफल, शिंकून शिंकून जीव बेजार. मिलमधी शेंगा निवडायला येणारी साखराबाई पदर तोंडाला लावून हसायची. "मालकीणबाई, कुत्र्याचं काय व्हायचं ते होवो, तुमची कंबर मात्र बारीक होऊन राहिली!"

"तूबी ये की!" मी म्हणायचे. "तुझी तर दाराला अडते!"

नरसिंग डॉक्टर बघायला आला. आधी हसला, मग चपला काढून स्वतः ढिगात चालून बघितलं. "लई वेळ न्हाई हं," म्हणाला, "दमला की बाहेर काढा." मी तसंच केलं. घरात पोती अंथरली, विटकरीनं शेक दिला, खव्यावरून मालकाचे खिसे रोज तपासले. दोनदा खवा सापडला. दोन्ही वेळा तो मी खाल्ला.

सुभेदार उतरायला लागला. कधी सकाळी आपला आपण उठायचा, कधी न्हाई. बरा हाय म्हणावं तर दुसऱ्या दिवशी परत पोटावर. माझा जीव टांगणीला. आन् येळवस आलीच.

आमच्या भागात येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, गावात माणूस सापडत न्हाई, सगळे शेतात. त्या साली ज्वारी गुडघ्यालाबी आली न्हवती. पण येळवस चुकवायची कशी? विकतच्या कडब्याची कोप, म्हणजे खोपी, केली, आत पूजा मांडली, मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबिलानं भरलेली बिंदगी. सगळी भावकी जमली. सुभेदाराला जीपमधून आणलं. बसून बसून त्याची कंबर आखडली, उतरल्यावर तो तिथंच बसला. उठवलं तरी उठंना. 

पूजा झाली. मामानं जाळात सळी घातली.

मालकानं माझ्याकडं बघितलं. मी ओठ दातात धरले. कबूल केलं होतं ना! मामानं सुभेदाराच्या कपाळाला विभूती लावली, कानामागं खाजवलं. "भिऊ नको, लेकरा," म्हणाले. वाईट माणूस असता तर मला रागावणं तरी सोपं गेलं असतं.

सळी लाल झाली. मामानं इशारा केला. चार गडी पुढं आले. दोघांनी मान धरली, दोघांनी मागचे पाय दाबले. मी डोळे मिटले, मग म्हणलं न्हाई, ज्याला इतकं चालवलं त्याला आता एकटं सोडायचं न्हाई. उघडले.

मागचे पाय अडकले की जोर करून पुढं सरकायचं, हेच तर त्याला मी रोज शिकवत होते! सुभेदारानं मागून असा हिसडा दिला की एक गडी पाठीवर आडवा, दुसरा भज्जीच्या पातेल्यात. मान धरणाऱ्यांचे हात सुटले आन् कुत्रं पळालं! वाळलेल्या ज्वारीतून सरळ बांधाकडं. चार पावलं एक पाय, दुसरा पाय, मग सशासारखी उडी, परत एक पाय, दुसरा पाय. बांधावर चढून उभं राहिलं आन् वळून भुंकलं.

 मामाच्या हातात सळी.

"बोलाव त्याला," मामा मला म्हणाले.

मी हाक मारली.  सुभेदार चालत आला, कंबर जराशी डुलत होती, पण चालत आला. मामानं त्याला पुढून बघितलं, मागून बघितलं, पुठ्ठ्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग सळी मातीत खुपसली आन् सगळ्यांकडं वळून म्हणाले, "बघितलं? नुसती दाखवली, तर उठलं!"

"वा मामा!" भावकी ओरडली. "हात न लावता गुण!"

माझं रक्त असं उसळलं म्हणून सांगू! केसातलं टरफल अजून निघालं न्हवतं माझ्या! तोंड उघडलं. समोर मालक उभे, दोन्ही हात छातीशी जोडून. आन् मला वाटलं, मी आत्ता खरं बोलले तर मामाला चार माणसांत आपलं खरं करून दाखवावं लागंल. सळी अजून तापलेली होती.

"हाव मामा," मी म्हणलं. "तुमच्या हाताला गुण हाय." आयुष्यात इतकं जड काही गिळलं न्हाई मी.

जेवणं झाली. माणसं झाडाखाली आडवी झाली. मी आंबिलाची बिंदगी मातीनं घासत होते, सुभेदार माझ्याजवळ. मामा आले, सळी काठीसारखी टेकत, आन् बाजूला उकिडवे बसले.

"सूनबाई," हळूच म्हणाले, "चरबी उतरलीय आन् मांडी भरलीय. हे सळीचं काम न्हाई. काय केलंस?"

मी सगळं सांगितलं, खलबत्त्यापासून टरफलापर्यंत. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "घरी माझा एक गोऱ्हा हाय. मागून ढिला पडलाय. रोज सळी तापवतो आन् रोज इझवतो. हात होत न्हाई. त्याला मी बाटलीनं दूध पाजून वाढवलाय."

 इतकी वर्षं लोकांच्या जनावरांवर झालेला तो हात, आन् स्वतःच्या गोऱ्ह्यावर होत न्हवता.

"टरफलं किती खोल लागतात?" त्यांनी विचारलं.

"पोटाला लागतील इतकी," मी म्हणलं. "उद्या ट्रक भरून पाठवते. डॉक्टरलाबी सोबत घेऊन येते, आधी तो बघंल. पण मामा, सळी मला द्या."

मामानं झाडाखाली झोपलेल्या माणसांकडं बघितलं. मग सळीची माती धोतरानं पुसली आन् माझ्या हातात दिली. मी ती बिंदगीखाली सारली आन् परत घासायला लागले. मामा तिथंच बसून सुभेदाराच्या पुठ्ठ्यावरनं हात फिरवत राहिले.